खिळ्यावरचा बिल्ला

रात्रीचे पावणेदोन. जहाजं दुरुस्त करणाऱ्या यार्डात समुद्रातून ओढून आणलेली तेलाची एक जुनी रिग उभी होती. माझ्या ओळखीचा फोरमन ग्राइंडर घेऊन तिच्या पोटातल्या टाकीकडे निघाला. काम म्हणाल तर साधं. सकाळी कापायचा पत्रा एकदा बघून यायचा.

हसताय कशाला? टाकीवरच्या राखणदाराने मला स्वतः सांगितलंय. तो आता दिवसाही तिथे एकटा बसत नाही.

यार्डला पन्नास वर्षं होत होती, इतिहासाचं दालन मांडायचं ठरलं होतं. वीस वर्षांपूर्वी यार्डात आलेली पहिली रिग हीच, आता पुन्हा आली होती. तेव्हा तिच्या टाकीतलं सगळ्यात अवघड वेल्डिंग केलं फोरमनच्या मेहुण्याने. माशाच्या खवल्यांसारखे एकसारखे टाके. साहेबलोक बॅटरी मारून बघायला यायचे. घरी बायकोचं पालुपद, "हात असावा तर माझ्या भावासारखा!" हा तेव्हा साधा फिटर. खाली मान घालून जेवायचा.

त्याच टाकीत मेहुणा गुदमरून मेला. यार्डाची रीत अशी, की आत उतरणाऱ्याने आपला पितळी बिल्ला झाकणाशेजारच्या खिळ्याला अडकवायचा. खिळा रिकामा म्हणजे आत कुणी नाही. त्या दिवशी खिळा रिकामा दिसला आणि झाकण आवळलं गेलं. चौकशीने मेलेल्यालाच दोषी धरलं. म्हणे, बिल्ला लावायला विसरला! अरे, रोज लावणारा माणूस नेमका त्याच दिवशी विसरतो? मी हे माझ्या पेपरात छापलं, तर कंपनीची नोटीस आली. आणि आता तोंड वर करून त्याच वेल्डिंगचा तुकडा कापून काचेत ठेवणार होते!

"मेल्यावरही त्याचंच कौतुक," फोरमन कमरेला दोर बांधताना म्हणाला. "आम्ही काय इथे गवत उपटलं?"

"पण साहेब, नुसतं बघायला ग्राइंडर कशाला?" राखणदाराने विचारलं.

"तू तुझं काम बघ."

त्याने बिल्ला खिळ्याला अडकवला. आत उतरला. ग्राइंडर किंचाळायला लागला. मेहुण्याचे टाके घासून सपाट करायचे होते त्याला.

मग ग्राइंडर थांबला.

"दाजी..."

आवाज आतून आला. फोरमनचा नव्हता.

"दाजी, माझा बिल्ला...?"

राखणदाराने खिळ्याकडे पाहिलं. रिकामा. त्याच्यासमोरून कुणीही गेलं नव्हतं.

आत फोरमन ओरडला, "मी काढला... मीच काढला रे! तुझ्या बहिणीसाठी तरी सोड..."



राखणदाराने दोर ओढला. फोरमन वर आला. जिवंत. पण त्यानंतर एक शब्द बोललेला नाही. बायको घास भरवते.

सकाळी माणसं टाकीत उतरली. घासलेल्या जागी टाके होते. नवे, खवल्यांसारखे. त्यांच्या मधोमध फोरमनचा बिल्ला पत्र्याला कायमचा जोडलेला. हात लावला तर कोमट.

कंपनी म्हणते, फोरमननेच केलं असेल. मी लेखी विचारलं, कशाने? त्या रात्री टाकीत वेल्डिंगची केबल गेलेलीच नव्हती.

उत्तर अजून आलेलं नाही.