जास्तीचे दहा ओहम

आबांची भाकरी घेऊन शालू हिंगोलीच्या कापसाच्या जिनिंगमध्ये आली आणि दारातच थबकली. आबा, म्हणजे तिचे वडील, इंजिनावरचे तातेराव मिस्त्री, जागेवर नव्हते. एक अनोळखी तरुण भिंतीवर आकडे मांडत पुटपुटत होता, "एकशे दहा गुणिले अर्धा... एकशे दहा..."

"पंचावन्न!" शालूच्या तोंडून निसटलं.

तो गर्रकन वळला. हातात खडू, केसांत कापसाचे तंतू. "इतक्या लवकर?"

"निमकी, अर्ध्याचा पाढा, पाठ हाय माझी. तुमची न्हाई काय?"

"न्हाई ना... म्हणून तर भिंत भरून राहिलो."

हा हरिचंद, परभणीचा वायरमन. सन एकेचाळीसचा कापसाचा हंगाम तोंडावर आला होता आणि शेठला जिनिंगमध्ये विजेचे दिवे हवे होते.

त्या दिवसापासून आबांची भाकरी तासभर आधीच तयार होऊ लागली. हरिचंद शिकवायचा – व्होल्टला अँपिअरनं भागलं की तारेचा अडथळा निघतो, तो ओहममध्ये मोजायचा. गुणलं की वॅट. तो मांडायचा, ती उत्तर सांगायची. उत्तर बरोबर आलं की तो असा हसायचा, की तिला पुढचा आकडाच सुचत नसे. प्रेमात पडली होती बिचारी, लपवायचं कशाला?

पण दिवे काही धड पेटेनात! शंभर-शंभर वॅटचे दहा दिवे, आणि उजेड चिमणीएवढा. हरिचंद रोज तारा तपासायचा, रोज मान हलवायचा. शेवटी शेठनं ठणकावलं, "उद्या दुपारपर्यंत उजेड पडला न्हाई, तर दुसरा वायरमन आणतो."

 ते ऐकून शालू दुसऱ्या दिवशी सकाळीच धावत आली आणि मीटरचे काटे स्वतः वाचू लागली. एकशे दहा व्होल्ट, पाच अँपिअर.

"म्हंजे बावीस ओहम, साडेपाचशे वॅट. पण दहा दिव्यांना हजार वॅट पाहिजेत. नऊ अँपिअर तरी जायला पाहिजेत, अन ओहम बाराच निघायला पाहिजेत. मग हे वरचे दहा आले कुठून?"

हरिचंद खोकला. "तारा... जुन्या असतील."

"तुमीच तर नव्या ओढल्या!"

मीटरच्या फळ्यामागून ऊब येत होती. तिनं वाकून पाहिलं. पत्र्याच्या डब्यात वेटोळं केलेली एक तार दडवलेली होती, चांगली तापलेली.

"हेच ते दहा ओहम! अन... मुद्दाम?"

"दिवे पेटले, की मला परभणीची गाडी धरावी लागते," तो खाली बघत म्हणाला. "मग तुमी कुठं दिसणार..."

शालूला हसू आलं, रागही आला, आणि डोळे भरून आले ते वेगळंच.

"येडे हाय का तुमी? तोंडानं बोलता येत न्हाई?"

"मिस्त्रींचं भ्या वाटते."

"अन ज्याचा दिवा पेटत न्हाई, त्याला आबा पोरगी देतील व्हय?"

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.  हरिचंदनं खटकन बटण बंद केलं, वेटोळं काढून फेकलं, तारा जोडल्या, आणि दहाच्या दहा दिवे लख्ख पेटले!

इंजिनाकडून आबा धावत आले. "सापडला का दोष?"

"सापडला, मिस्त्री. दोष माझाच होता." त्यानं घसा खाकरला. "अजून एक बोलायचं हाय... शालूबाईंबद्दल."

आबांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"परभणीला जा तू," ते म्हणाले.

शालूचा चेहरा उतरला.

"अन येताना मायबापाला घेऊन ये. अशा गोष्टी पोरानं एकट्यानं बोलायच्या नसतात."

शालूनं पदर तोंडाला लावला. पण दहा दिव्यांच्या उजेडात हसू लपतंय कुठलं!