दुपारी चारची ओल

आधीच सांगते, यात मीठमसाला काही नाही. मला रचून लिहिता येत नाही. आलं असतं तर शाळेत निबंधाचे मार्क तरी बरे पडले असते.

हे आमच्या घरात घडलं. माझ्या डोळ्यांदेखत.

डिसेंबर २०२३. मुरबाडहून टोकावड्याकडे निघालं की रस्त्यापासून थोडं आत आमचं गाव आहे. नाव देत नाही, लोक लगेच ओळखतील. माझं माहेर शहापूर तालुक्यातलं, डोळखांबकडचं. तिकडे भुताखेतांच्या गोष्टी पोत्याने मिळतात. मी त्यांना हसायचे.

आणि हो, यात रात्र नाही. जे झालं ते भर दुपारी झालं. चार वाजता, अंगणात लख्ख ऊन असताना.

घरात आम्ही तिघं. मी निशिगंधा, माझा नवरा जगदीश आणि सासरे देवराम. त्यांना मी बाबा म्हणायचे. चौथा हवालदार.

हवालदार म्हणजे आमचा कुत्रा. नाव बाबांनीच ठेवलेलं. दारात कुणीही येवो, पोस्टमन असो नाहीतर भावकीतला, हा आधी भुंकून चौकशी करणार आणि मगच आत सोडणार. बाबा पडून खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून आठ महिने ते मधल्या खोलीत खाटेवर होते. हवालदार त्या खाटेखाली.

नोव्हेंबरमध्ये, भाताची झोडणी चालू असताना, बाबा गेले.

तेरावं झालं. पाहुणे पांगले. आम्ही खाट बाहेर काढून पडवीत उभी करून ठेवली. मधली खोली एकदम मोठी वाटायला लागली.

दुसऱ्याच दिवशी, चार वाजता मी तिथून जात होते आणि...

पायाला ओलं लागलं.

खोलीच्या मधोमध, सुपाएवढी ओल. बाजूला हवालदार बसलेला. शेपूट हलवत.

"मेल्या, एवढं अंगण पडलंय, तिथं जायला काय झालं होतं?"

कान धरून बाहेर काढला. ओलीवर फिनेल ओतलं, फरशी पुसली. बाबा गेल्यामुळे बावरला असेल, असं मनाशी म्हटलं. मुकं जनावर आहे.

दुसऱ्या दिवशी चार वाजता... परत तिथेच.

तिसऱ्या दिवशी परत.

शेजारच्या गिरजाकाकूला सांगितलं. ती म्हणाली, "निळीची बाटली ठेव गो. निळं पानी दिसलं का कुत्रा तिथं पाय वर करत नाय."

आमच्याकडे सगळेच ठेवतात. दुकानांच्या पायऱ्यांवर, गाड्यांच्या चाकांशी निळ्या बाटल्या तुम्हीही पाहिल्या असतील. मी नीळ कालवून एक लिटरची बाटली काठोकाठ भरली, झाकण घट्ट लावलं आणि त्या जागेवर ठेवून दिली.

चारला जाऊन बघते तर...

फरशी ओली होती. आणि बाटली अर्धी झाली होती.

झाकण तसंच घट्ट. बाटली फुटकी असेल म्हणावं, तर फरशीवर निळा ठिपकासुद्धा नव्हता.

मी ती बाटली उकिरड्यावर फेकली आणि त्यावर फार विचार केला नाही. खरं तर करायचा नव्हता.

मग मोबाईलवर व्हिडिओ बघितले. कुत्र्याला घरात लघवी करण्यापासून कसं थांबवायचं. दर दोन तासांनी बाहेर न्या, बाहेर केली की शाबासकी द्या. ते सगळं केलं. एक बाई सांगत होती, ठरावीक वेळेनंतर त्याचं पाण्याचं भांडं उचलून ठेवा. प्यायलाच नाही, तर करेल कुठून?

मला हे लगेच पटलं. का पटलं, ते पुढे सांगते.

दुपारी बारालाच मी हवालदाराचं भांडं उचलायला लागले.

त्या आठवड्यात एक गोष्ट लक्षात आली. हा कुत्रा भुंकायचा बंद झाला होता. गॅसवाला आला तरी गप्प. पण चार वाजत आले की जिथे असेल तिथून उठायचा. मधल्या खोलीत जाऊन बसायचा, कान टवकारून. बघायचा मात्र खाली, फरशीजवळ. जणू तिथे कुणी आडवं पडलं होतं.

एकदा मी स्वयंपाकघरात होते. आतून आवाज आला...

खर्रर्र...

लाकडावरून तांब्या ओढल्यासारखा.

मग... टप. टप. टप.

हवालदाराची शेपटी फरशीवर आपटत होती. घरचं माणूस आलं की आपटते तशी.

धावत गेले. कुणी नव्हतं. फरशी ओली होती आणि हवालदार ती ओल चाटत होता. घाईघाईने, लपालपा.

मला किळस आली. खराटा हातात होता, त्यानेच मारलं. तो ओरडला नाही. मार खाऊनसुद्धा पुन्हा एकदा चाटलं त्याने, मग बाहेर गेला.

हे लिहिताना हात थांबतोय. पण लिहिते.

दुसऱ्या दिवशी त्याला अंगणातल्या फणसाला साखळीने बांधलं. चार वाजले. खोलीत ओल होतीच. बाहेर येऊन बघते तर हवालदार साखळीत तसाच, दाराकडे तोंड करून बसलेला. गळ्यातला पट्टा सैल असेल, आत येऊन परत गेला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. कुत्रा पट्टा काढतो, घरात येतो, आणि परत जाऊन पट्टा घालून बसतो! पण पटवून घ्यायचं ठरवलं की माणूस काहीही पटवून घेतं.

संध्याकाळी जगदीश मुरबाडहून कंपनीतून आला. मी सरळ सांगितलं, "त्याला लांब सोडून ये."

"बाबांचा कुत्रा हाय गो तो."

"मग उद्यापासून फरशी तू पुस."

जगदीश भांडणारा माणूस नाही. तेव्हा भांडला असता तर बरं झालं असतं.

रविवारी त्याने मित्राचा टेम्पो घेतला. माळशेज घाटाच्या पायथ्याशी हवालदाराला उतरवून आला. जेवला नाही. मी विचारलं, "मागं धावला काय रे?"

"नाय. बसूनच राह्यला. टेम्पोकडं बघत व्हता."

सोमवारी मी मधली खोली स्वच्छ पुसून कोरडी केली. मागचं दार लावलं, पुढचं दार लावलं. चहा घेऊन ओटीवर बसले. आज निवांत, असं म्हणत होते.

चार वाजले.

खर्रर्र...

कप माझ्या हातातच राहिला.

या वेळी शेपटीचा आवाज आला नाही. थोडा वेळ काहीच नाही. मग आत कुणीतरी पाय फरपटत चालल्यासारखं वाटलं. मधल्या खोलीतून मागच्या दाराकडे. मग पडवीकडे. मग परत खोलीत. कुणाला तरी शोधत असल्यासारखं.

मग तेही थांबलं.

मी आत गेले. मागचं दार उघडं होतं. आणि फरशी...

ओली.

घरात कुत्रा नव्हता. फिनेलची बाटली आदल्या दिवशीच संपली होती. म्हणून नुसतं फडकं घेऊन खाली वाकले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कळलं.

वास नव्हता.

बोट बुडवून नाकाशी नेलं. गार होतं. मातीच्या माठातल्या पाण्यासारखं गार.

ते पाणी होतं. इतके दिवस ते पाणीच होतं. मी रोज बघताक्षणी फिनेल ओतत होते, मग वास कुठून कळणार?

मी तिथेच बसले.

आता जे टाळत आले ते सांगते. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

आठ महिने बाबांचं सगळं खाटेवर होतं. त्यांना नेहमी वेळेत सांगता यायचं नाही. अंथरूण ओलं व्हायचं. रोज गोधडी धुवायची, पावसात ती वाळायची नाही, घरभर वास. मी दमले होते. म्हणून मी त्यांचं पाणी कमी केलं. जेवणानंतर थेट रात्री. तांब्या खाटेपासून लांब, भिंतीकडच्या स्टुलावर ठेवायला लागले, म्हणजे हात पोचायला नको.

दुपारी ते हाक मारायचे. "निशे, घोटभर पानी दे गो."

मी म्हणायचे, "आता दिलं की परत अंथरूण. रात्री देते, बाबा."

"बरं," म्हणायचे. कधी चिडले नाहीत. त्यांना स्वतःलाच त्या अंथरुणाची लाज वाटायची.

बाबा गेले त्या दिवशी मी खळ्यावर गेले होते. साडेचारला परत आले. बाबा खाली पडले होते, खाट आणि स्टुलाच्या मध्ये. सरपटत गेले असणार. एक हात पुढे. स्टुलावरचा तांब्या ओढता ओढता कलंडला होता आणि सगळं पाणी फरशीवर गेलं होतं. बोटं भिजलेली. ओठ कोरडे. हवालदार त्यांच्या तोंडाशी बसला होता, भुंकत नव्हता.

मी काय केलं माहितीये? एकटीने त्यांना उचलून खाटेवर नीट निजवलं. अंगात काही उरलंच नव्हतं त्यांच्या. फरशी पुसली. तांब्या भरून खाटेशी ठेवला. आणि मग लोकांना हाक मारली.

बायका जमल्या. गिरजाकाकूने विचारलं, "शेवटचं पानी कोनी घातलं गो तोंडात?"

मी म्हटलं, "मी."

काकूने माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "पोरीनं पुण्य केलं."

सोमवारची ती रात्र मी कशी काढली, माझं मला ठाऊक. बाबांसाठी आता काही करता येणार नव्हतं. पण हवालदार कुठेतरी रस्त्यावर बसला होता. मी मारलेला, मी तहानलेला ठेवलेला. त्याला परत आणायचं, एवढं एकच माझ्या हातात होतं.

सकाळी जगदीशला म्हटलं, "कुत्र्याचं नव्हतं रे ते. माठ गळत होता. त्याला घेऊन येऊ." अजून एक खोटं. तो इतका खूश झाला की सुट्टी टाकून लगेच बाईक काढली.

घाटाच्या पायथ्याशी कुत्रा नव्हता. रस्त्याकडेला एक म्हातारी उकडलेल्या शेंगा विकत बसली होती. जिवली नाव तिचं. जगदीशने विचारलं, "आजी, तांबडा कुत्रा बघितला काय? रविवारी हितं सोडलेला."

तिने आधी आम्हाला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं.

"तुमीच सोडला काय? जागचा हलला नाय बिचारा. भाकर टाकली, तोंड लावलं नाय. काल गेला त्याच्या म्हाताऱ्यासंगं."

जगदीश म्हणाला, "कुठला म्हातारा?"

"काल उन्हं कलताना आला ना. मुरबाडच्या अंगानं. पाय फरपटत चालत व्हता. लांबनंच हाक मारली त्यानं, 'हवालदार, चल रे.' कुत्र्यानं काय उड्या मारल्या, बाबा! मी म्हटलं, आता म्हाताऱ्याला पाडतो."

जगदीशने माझा हात धरला.

मी विचारलं, "काही बोलले का ते?"

"पानी मागितलं. दिलं. तांब्यावर तांब्या प्यायला, माझी कळशी रिकामी केली. मी म्हटलं, बाबा, घरी कोन पानी देत नाय काय तुमाला?"

मी जगदीशचा हात सोडला.

"तर हसला. म्हनला, 'सून हाय ना. समदं तीच करती माझं. लई दमती बिचारी.' मंग दोघं गेले वरच्या रानात."

मी रस्त्यातच खाली बसून मोठ्याने रडले. गाड्या जात होत्या, लोक बघत होते. बाबांनी शिव्या दिल्या असत्या तर मला सोसलं असतं. बाबांची आठवण आली म्हणून रडते, असं जगदीशला वाटलं.

हवालदार परत आला नाही. आम्ही त्या रानात तीनदा जाऊन शोधलं.

त्या सोमवारनंतर घरात काही झालेलं नाही. मी रोज चारला मधल्या खोलीत जाते, फरशीवर हात फिरवते. कोरडी असते. ते कुठे गेले, दोघं अजून कुठे चालत आहेत का, की जिवलीने दुसऱ्याच कुणाला पाहिलं, मला काही कळत नाही. कुत्र्याचं नाव मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं.

जगदीश त्या दिवसापासून माझ्याशी फार मायेने वागतो. माझ्या बाबांचं तू किती केलंस, असं चारचौघांत सांगतो. तेव्हा मी उठून आत जाते.

तो मोबाईलवर हे गोष्टींचं पेज वाचतो. कंपनीतून येताना बसमध्ये रोज वाचतो. म्हणूनच इथे लिहिलं. समोर बसून सांगायचं धाडस मला झालं नाही.

त्याची बस पाचला फाट्यावर येते. मी ओटीवर बसले आहे.