पाठीवरची निळी बोटं

“थांबा, काका! शेवटची शिट्टी वाजवू नका!”

स्टेशनच्या संघातली भार्गवी ओरडत मैदान ओलांडून धावत आली. जयंतकाकांनी ओठांशी नेलेली शिट्टी खाली घेतली. काका खरे डॉक्टर, पण नाताळच्या सुट्टीतल्या शिबिरात पंचगिरीही तेच करत. आज रग्बीचा अंतिम सामना जयपूरजवळच्या बगरू गावच्या मैदानावर होता. मिलिटरी स्टेशनची मुलं विरुद्ध हॉस्पिटल कॉलनीची मुलं. पंधरा-सतरा, कॉलनी पुढे, आणि वेळ संपलेली!

गोलरेषेजवळ स्टेशनची प्रणाली पालथी पडली होती. चेंडू पायानं पुढे मारून ती त्याच्यामागे सुसाट सुटली होती. चेंडू रेषेपलीकडे गेलाही होता. त्यावर हात टेकवला की ट्राय आणि सामना खिशात! पण मध्येच ती आडवी झाली, आणि मागून आलेल्या कॉलनीच्या अपूर्वानं चेंडूवर हात टेकवून संघाला वाचवलं.

“धडपडली बिचारी,” काका म्हणाले.

“मी धडपडले नाही! मला मागून ओढलं!” प्रणालीचे डोळे भरून आले. बाबांची बदली झाली होती. रविवारी ती जयपूर सोडणार होती. या टोळीबरोबरचा हा शेवटचा सामना, आणि तो असा हरायचा?

“काका, तुम्ही पाहिलंत ना?” तिच्या संघातल्या निलयनं विचारलं.

“अं... मी तेवढ्यात घड्याळ बघत होतो.”

“झालं! चेंडू तिकडे आणि पंच घड्याळात!”

अपूर्वा ही काकांचीच मुलगी. ती दोन्ही हात पाठीमागे लपवून उभी होती. भार्गवीला ते खटकलं.

“प्रणाली, जरा वळ बघू!”

पांढऱ्या जर्सीच्या पाठीवर चार निळी बोटं उमटली होती! कापड तिथे चांगलं ताणलंही होतं.

“तुमच्यातच कुणी पाठ थोपटली असेल,” काका म्हणाले.

“शक्यच नाही!” भार्गवी म्हणाली. “सकाळी देवरामजींच्या छपाईखान्यात आम्ही कापडावर लाल ठसे मारत होतो. निळीच्या हौदात कापड बुडवत होते कॉलनीवाले! उशीर झाला म्हणून कुणीच हात धड धुतले नाहीत. स्टेशन, तळवे वर!”

सगळे तळवे लालभडक!

अपूर्वानं हळूच हात पुढे केले. ते निळे होते. “सॉरी, बाबा. हरायची भीती वाटली.”

काकांचा चेहरा उतरला. पण ते पंच होते. “ओढलं हे पटलं. चेंडू हातात नसताना कुणाला धरणं हा फाऊलच. पण त्याला साधी पेनल्टी. मी सरळ ट्राय कसा देऊ?”

“मतलब, काका, एवढंच बघायचं ना,” भार्गवी म्हणाली, “की फाऊल झाला नसता तर ट्राय झाला असता का? अगदी शंभर टक्के खात्री नको. बहुतेक झाला असता, एवढं पुरे. मग पेनल्टी ट्राय!”

“मग या इकडे!” निलय रेषेकडे पळाला. धूळ बसावी म्हणून सकाळीच मैदानावर पाणी मारलं होतं, त्यामुळे बुटांचे ठसे स्वच्छ दिसत होते. पुढे प्रणालीचे, मागे अपूर्वाचे. तिसऱ्या कुणाचे नाहीतच! आणि चेंडू रेषेपलीकडे दोन पावलांवर पडलेला.

काका वाकून चालत गेले. एकेक ठसा त्यांनी नीट पाहिला.

मग ते खांबांच्या मधोमध जाऊन उभे राहिले, हात उंच केला आणि शिट्टी घुमली!

“पेनल्टी ट्राय! सात गुण! बावीस-सतरा, स्टेशन विजयी!”

काय तो जल्लोष! प्रणालीला मुलांनी खांद्यावर घेतलं. काकांनी खिशातून पिवळं कार्ड काढून आपल्याच मुलीला दाखवलं.

“काका, हे कार्ड घरीही चालतं का हो?” निलयनं विचारलं. अपूर्वासुद्धा हसली.

“शाबास, पोरांनो!” काका म्हणाले. “चुकलं माझंच. भार्गवी, पुढच्या वेळी घड्याळ तू बघ, मी चेंडू बघतो.”

“आण ती जर्सी,” अपूर्वा प्रणालीला म्हणाली. “मी धुऊन देते.”

सामना बघायला आलेले देवरामजी मिशीत हसले. “लाडो, यो रंग कोनी जावै!”

“नाही ना जाणार?” प्रणालीनं जर्सी घट्ट धरली. “मग नव्या गावातला पहिला सामना मी हीच घालून खेळणार!”