तिसऱ्या मजल्यावरचं झाकण

हसताय? हसा, हसा. उद्या तुम्हालाही शिडीवर चढायचंय. ही गोष्ट ऐकीव नाही, पोरांनो. ज्याच्यावर बेतली त्याच्या शेजारी बसून मी कित्येक वर्षं डबा खाल्लाय. नाव विचारू नका. फिटर म्हणा.

नोव्हेंबरची तेवीस तारीख, शनिवारची रात्र. फिटर जेवून हात धुतोय तोच नोकरदारांच्या वसतिगृहाच्या मॅनेजरचा फोन आला. "मिस्त्री, आगीच्या घंटेचं पॅनेल रोज रात्री बोंबलतंय. तिसरा मजला दाखवतंय. तो तर आगीनंतर बंदच आहे. जरा येऊन जा ना."

फिटरने पिशवी उचलली. बायकोला म्हणाला, "हा गेलो आणि हा आलो." पण चपला घालताना पाय जड झाले. चोराच्या मनात चांदणं! ते काय, ते आधी सांगतो, म्हणजे कोड्यात बोलतो असं म्हणायला नको.

त्या इमारतीत धूर ओळखणारी यंत्रं त्यानेच बसवली होती. छताला लावायच्या वाटीएवढ्या चकत्या. नव्या चकतीवर प्लास्टिकचं झाकण असतं. रंगारी भिंती घासत असेतो ते ठेवायचं, नाहीतर आत धूळ जाते. रंगारी गेला की काढायचं. पोरखेळ आहे. फिटरने सगळी काढली. तिसऱ्या मजल्याच्या टोकाचं तेवढं राहिलं, कारण शिडी रंगारी घेऊन गेला होता. "उद्या काढू," म्हणाला. तो उद्या काही उजाडला नाही.

टोकाच्या खोलीत इस्त्रीवाले बाबा राहायचे. एका रात्री त्यांच्या शेजारच्या गाद्यांच्या कोठीत वायर जळली. धूर छताला टेकला, पण झाकणाआडच्या चकतीला पत्ताच नाही. घंटा वाजली नाही. बाबा गुदमरून गेले.

सकाळी चौकशीवाले यायच्या आत फिटर वर गेला. झाकण मऊ होऊन चिकटलं होतं. ते खरवडून काढलं, खिशात घातलं. आतली चकती कोरी करकरीत होती. तिला त्याने बोटाने काजळी फासली. हो, फासली. मग चौकशीवाल्यांनी घंटा वाजवून पाहिली, तर ती ठणठणीत. मग दोष कुणाचा? रखवालदाराचा!

"साहेब, घंटा वाजलीच नाही हो," रखवालदार काका सांगत होते. "मला वास आला म्हणून मी वर..."

"झोपला असशील, म्हाताऱ्या."

फिटर तिथेच उभा होता. मूग गिळून. काकांची नोकरी गेली. गल्लीतली पोरं त्यांना कुंभकर्ण म्हणून चिडवायला लागली. काका समोरून आले की फिटर रस्ता बदलायचा. लाज त्यालाही वाटायची, अगदी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण त्या लाजेचा काकांना काय उपयोग?

तर त्या शनिवारी तो पोचला. पॅनेलवर तिसऱ्या मजल्याचा लाल दिवा. नव्या रखवालदाराला म्हणाला, "चल, शिडी धरायला."

"मिस्त्री, नोकरी गेली तरी चालेल. वर येणार नाही."

एकटाच गेला. टॉर्च, शिडी, पिशवी. बोळात अजून जळका वास होता. टोकाच्या चकतीवरचा बारका दिवा लाल पेटलेला. खाली त्याने शिडी लावली. फरशी उखडलेली, शिडी डुगडुगत होती. तो चढला. चकती फिरवून काढली. वायर सुटली. चकती त्याच्या हातात...

दिवा लालच.

आणि शिडी डुगडुगायची थांबली.

खालून कुणीतरी धरली होती.

त्याने खाली पाहिलं नाही. पाहवेना. खोकल्याचा आवाज आला. कोरडा, म्हातारा. मग अगदी मायेने...

"काढलंस का रे, बाळा?"

फिटरने चकती छातीशी आवळली.

"झाकण... काढलंस का?"

"काढलं, बाबा." तो रडायला लागला. "उशिरा काढलं."



तो उतरला. खाली कुणी नाही. वळला... आणि पाठीवर वजन आलं. दोन हात खांद्यांवरून पुढे. कानाशी घरघर. तो चालला. जिना उतरू लागला. दुसऱ्या वळणावर वजन एकदम दुप्पट झालं. गुडघे वाकले. टाकावं खाली, वाटलं. पळावं.

टाकलं नाही.

फाटकातून बाहेर पडला, तेव्हा पाठ हलकी झाली.

घरी नाही गेला तो. थेट काकांच्या दाराशी. अपरात्री दार वाजवलं आणि उंबऱ्यावरच सगळं सांगितलं. झाकण, काजळी, पाठीवर बसलेले बाबा, सगळं. काका ओरडतील, मारतील, असं वाटलं होतं. त्यांनी भलतंच विचारलं.

"कुठे उतरला तो?"

"फाटकाबाहेर."

"मी त्याला पाठीवर घेतलं होतं त्या रात्री," काका म्हणाले. "दुसऱ्या वळणापर्यंतच आणू शकलो. माझ्याच छातीत धूर भरला. तिथे पाठीवरच गेला रे तो... हे मला कुणी सांगूच दिलं नाही."

फिटरला मान वर करवेना. सोमवारी तो स्वतः चौकशीच्या कचेरीत गेला, सगळं कबूल केलं. परवाना गेला, अब्रू गेली, खटला झाला. काकांची माफी मागायला मॅनेजर घरी आला. काकांनी त्याला बसा म्हटलं नाही.

पण त्या रात्री, उंबऱ्यावर, काका शेवटी एवढंच म्हणाले होते, "शर्ट काढ बघू."

दोन्ही खांद्यांवर, पुढच्या बाजूला, बोटांच्या खुणा. मागून कुणी घट्ट धरावं तशा. डॉक्टर झाले, मलमं झाली. अजून आहेत.

मी हात लावून पाहिलाय. गरम लागतात.