उतरवून ठेवलेलं

वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात फादर माझ्या हातात एक यादी ठेवतात. ज्यांना चर्चपर्यंत चालत येता येत नाही अशांची. यंदा यादीत सात नावं होती. प्रत्येकाच्या घरी जायचं, पवित्र भाकर द्यायची, सोबत प्रार्थना म्हणायची, आणि मी पूर्वी नर्स होते म्हणून जाता जाता ब्लडप्रेशरही बघायचं. एकतीस वर्षं मी हॉस्पिटलात काढली. लोक अजून मला सिस्टरच म्हणतात. चर्चमध्ये नव्याने आलेल्यांना त्यामुळे मी धर्मभगिनी वाटते, आणि माझ्या शेजारी उभा असलेला माझा नवरा पाहून त्यांची जी तारांबळ उडते ती बघण्यासारखी असते.

मी भाबडी बाई नाही, हे आधीच सांगून ठेवते. देवावर माझा विश्वास आहे, पण कोणाला ताप आला की मी आधी थर्मामीटर लावते.

त्या रविवारी फादरांनी नव्या वर्षावर प्रवचन दिलं. आमचे फादर तरुण आहेत, बोलतात छान. म्हणाले, "उंबरा ओलांडताना सगळंच आत न्यायचं नसतं. तुमचं एक ओझं निवडा आणि या वर्षाच्या दारातच उतरवून ठेवा." पुढच्या बाकांवरच्या दोघीतिघींनी डोळे पुसले. मी पुसले नाहीत. आमची मुलगी नदीत गेली त्याला अकरा वर्षं होत आली. ओझं उतरवा म्हणणाऱ्या माणसांकडे बघून मी तेव्हापासून फक्त मान हलवते.

घरी आलो, जेवलो, मी जरा आडवी झाले. उठले तेव्हा चार वाजून गेले होते. खूप दिवसांनी इतकी गाढ झोप लागली होती.

सोमवारी सकाळी मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले. वय ब्याऐंशी, खुब्याचं हाड मोडल्यापासून घरातच. दोन वर्षांपूर्वी नवरा गेला आणि बाई मिटून गेल्या. मी गेले की त्याचा फोटो मांडीवर घेऊन बसायच्या आणि माझ्याशी न बोलता त्याच्याशीच बोलायच्या. त्या दिवशी मात्र खिडकीचे पडदे बाजूला सारलेले होते आणि बाई टोस्ट खात होत्या. खोलीत नुकत्याच इस्त्री केलेल्या कापडाचा वास येत होता.

"पुन्हा आलात?" त्या हसून म्हणाल्या. "काल संध्याकाळीच तर तुमच्या एक बाई येऊन गेल्या."

"कोण बाई?"

"चर्चमधल्या. नाव नाही विचारलं मी. इथेच बसल्या होत्या, त्या स्टुलावर. फार कमी बोलतात. काय उतरवून ठेवायचंय एवढंच विचारलं."

फादरांनी माझ्या मदतीला आणखी कोणाला तरी जोडून दिलं असेल आणि मला सांगायचं राहिलं असेल, असं मी धरून चालले. प्रार्थना झाली. ब्लडप्रेशर घेतलं. एकशे अठरा, शहात्तर. त्यांचं मी कधी दीडशेच्या खाली पाहिलं नव्हतं. पट्टा सोडवून पुन्हा बांधला. तेच.

निघताना मी कपाटावरचा फोटो उचलून नेहमीसारखा त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा नाकावर सरकवून नीट पाहिला.

"हे गृहस्थ कोण हो?" त्या म्हणाल्या. "काल रात्रीपासून विचार करतेय. शाळेतलेच कोणीतरी असणार."

मला पहिली शंका आली ती मेंदूतल्या गाठीची. मी तारीख विचारली, वार विचारला, हात वर करायला लावले. तेराचा पाढा त्यांनी माझ्यापेक्षा भरभर म्हटला. शाळेतल्या शिपायांची नावं सांगितली, ओळीने. नवऱ्याबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "लग्नाचं राहूनच गेलं बघा." बोलण्यात खंत नव्हती.

मंगळवारी शिंप्याकडे. पाय गेल्यापासून तो खाटेवर बसूनच काम करतो. वीस वर्षांपूर्वी एका कडाक्याच्या थंडीत, पिऊन आलेल्या भावासाठी त्याने दार उघडलं नव्हतं. सकाळी भाऊ पायरीवर सापडला. भावाचा कोट तेव्हापासून त्याने खुंटीवर टांगून ठेवला होता, आणि दर वर्षी मी गेले की त्या कोटाकडे पाहत तीच हकिगत अगदी त्याच शब्दांत सांगायचा. फादर बदलले, पण त्याचं ऐकणारी मी तीच राहिले.

खुंटी रिकामी होती. कोट त्याच्या मांडीवर होता आणि तो शिवण उसवत होता.

"कोणीतरी दुरुस्तीला टाकून विसरून गेलंय वाटतं," तो म्हणाला. "कापड मात्र चांगलं आहे. नातवाचं जाकीट होईल."

"भावाचा आहे तो," मी म्हणाले.

"कोणाच्या भावाचा?"

त्याच्या खाटेजवळ एक बुटकं स्टूल ओढलेलं होतं. मी त्यावर बसले नाही. खोलीत तोच वास होता, गरम इस्त्रीचा. शिंप्याच्या घरात इस्त्रीचा वास यायचाच, असं मी स्वतःला सांगितलं. मग कोपऱ्यातल्या इस्त्रीला हात लावून पाहिला. थंडगार होती.

ब्लडप्रेशर एकशे अठरा, शहात्तर.

मी तशीच चर्चच्या कार्यालयात गेले. फादर नव्या वर्षाच्या भजनांचे कागद लावत बसले होते. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "मी कोणालाही पाठवलं नाही, सिस्टर. तुमच्याशिवाय कोणालाच नाही." त्यांनी लगेच यादीतल्या बाकीच्यांना फोन लावले. चौघांनी उचलला. चौघांकडेही ती बाई येऊन गेली होती. चौघेही फोनवर आनंदात होते. यादीतली सातवी बाई फोन उचलतच नाही, तिला ऐकू कमी येतं.

"दिसायला कशी होती?" फादरांनी शेवटच्या माणसाला विचारलं. मग फादरांनी फोन ठेवला. "चेहरा कोणालाच सांगता येत नाहीये," ते म्हणाले.

"चोरीचा काही प्रकार असेल तर पोलिसांना सांगू या," मी म्हणाले.

"काय चोरीला गेलं म्हणून सांगायचं?" त्यांनी कागदांचा गठ्ठा उगाच सारखा केला. "मी ओझं म्हणालो होतो. माणसं उतरवून ठेवा असं कधी म्हणालो?"

त्या मुलाला, हो, मला तो मुलगाच वाटतो, कोणीतरी धीर द्यायला हवा होता. मी त्यांच्या हातातला गठ्ठा घेऊन टेबलावर ठेवला.

बुधवारी, वर्षाच्या शेवटच्या दिवशी, मी सकाळीच यादीतल्या सातव्या घरी गेले. या बाईला सगळे तोफ म्हणतात. चाळीस वर्षं तिने आमच्या चर्चची गायनमंडळी चालवली, आणि कोणी बेसूर झालं तर मिस्साची प्रार्थना चालू असतानाही त्याचं नाव घेऊन सांगायची. आता कंबरेपासून खाली काही हलत नाही, पण आवाज तसाच आहे.

"ती आली होती," मी काही विचारायच्या आत तोफ म्हणाली. "परवा दुपारी. त्या स्टुलावर बसली. मला म्हणाली, काय उतरवून ठेवायचंय?"

"मग?"

"मी म्हटलं, काही नाही. माझा थोरला वीस वर्षांत मला भेटायला आलेला नाही. रोज सकाळी उठले की पहिलं तेच आठवतं. माझं म्हणून तेवढं एकच उरलंय, ते आणि तुला देऊ?"

मी पट्टा बांधला. एकशे ऐंशी, शंभर. इतका वाईट आकडा बघून मला आयुष्यात कधी एवढं बरं वाटलं नसेल.

"रागावली का ती?"

"छे. ठीक आहे म्हणाली आणि उठली." तोफेने माझ्या हाताकडे पाहिलं आणि आवाज बराच खाली आणला. तिला तसं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. "दारात थांबून म्हणाली, तुमच्या सिस्टरनी तर विचारल्या विचारल्या दिलं. मी म्हटलं, आमची सिस्टर? ती कशाला देईल? तर म्हणाली, सगळ्यांत आधी त्यांच्याकडेच गेले होते."

मी पट्टा सोडला, यंत्र पिशवीत भरलं, पाण्याचा पेला तिच्या हाताशी ठेवला. सगळं नेहमीच्या क्रमाने केलं. जिना उतरताना मी माझ्या मुलीला आठवून पाहिलं. तिचा आवाज, तिची उंची, समोरचा पडलेला दात. सगळं जागच्या जागी होतं. आणि सगळं तितकंच दुखलं. मी कठड्याला धरून उभी राहिले आणि देवाचे आभार मानले.

घरी नवरा मागच्या दारात बसून उद्याच्या मिस्सासाठी बूट पॉलिश करत होता. शीळ घालत होता. अकरा वर्षांत मी त्याची शीळ ऐकली नव्हती.

"रविवारी दुपारी आपल्याकडे कोण आलं होतं?" मी विचारलं.

"चर्चमधल्या त्या बाई. दार तूच उघडलंस की."

"मी झोपले होते."

"त्या गेल्यावर झोपलीस. त्याआधी चहा केलास आपल्या तिघांचा." त्याने बूट उजेडात धरून पाहिला. "त्यांनी आधी तुला विचारलं, मग मला. तू काय म्हणालीस ते मला ऐकू आलं नाही, मी कपबश्या आत नेत होतो."

"आणि तू काय दिलंस?"

तो विचार करू लागला. मनापासून आठवत होता, ते दिसत होतं.

"नाही सांगता येत," तो म्हणाला. "पण बरं वाटलं."

मी त्याच्या समोर बसले. "आपली मुलगी," मी म्हणाले.

"कोणाची मुलगी?"

"आपली. नदीत गेली ती."

त्याने बूट खाली ठेवला, ब्रश बुटावर ठेवला. हॉस्पिटलात मी नातेवाइकांकडे जशी बघायची तसा तो माझ्याकडे बघू लागला.

"नदीत आपला मुलगा गेला," तो हळू आवाजात म्हणाला. "सहा वर्षांचा होता. काठावरून घसरला."

"आपल्याला मुलगा नव्हता."

तो उठून आत गेला आणि बैठकीतला फोटो घेऊन आला. त्या फोटोवरची धूळ मी रोज पुसते. नदीकाठी काढलेला फोटो. डावीकडे माझी मुलगी आहे, उजवीकडे एक लहान मुलगा. तिने त्याचं मनगट घट्ट धरलंय. सहलीला बरोबर आलेल्या कोणाचा तरी मुलगा असणार, असं मी समजत होते.

नवऱ्याने त्या मुलाच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. "हा," तो म्हणाला. मग बोट डावीकडे नेलं आणि तिथे ते थोडा वेळ थांबलं. "ही कोण ते मात्र आठवत नाही."

माझी मुलगी पाण्याला फार भ्यायची. घोटा बुडेल एवढ्या पाण्यातसुद्धा उतरायची नाही. त्या दिवशी ती इतकी आत कशासाठी गेली, ते मी आठवू लागले.

आठवेना.

मी पिशवीतून यंत्र काढलं. त्याचं ब्लडप्रेशर घेतलं, मग माझं. दोन्ही आकडे कागदावर लिहिले. दोन्ही एकच होते.

सकाळी नव्या वर्षाचा मिस्सा होता. मुख्याध्यापिकाबाई काठी टेकत स्वतःच्या पायांनी चालत आल्या. लोकांनी वळून वळून पाहिलं, कोणीतरी चमत्कार म्हणालं. प्रवचनाच्या वेळी फादर उभे राहिले, कागद उलगडला, पुन्हा घडी घातला, आणि म्हणाले, "आज आपण फक्त गप्प बसू या." आम्ही गप्प बसलो. माझ्या आजूबाजूला सगळ्यांचे चेहरे झोपेतून उठल्यासारखे ताजे होते. चर्चमध्ये इस्त्रीचा वास येत होता.

नंतर आम्ही दोघं मागच्या दफनभूमीत गेलो. दर वर्षी जातो. त्याच्या हातात फुलं होती, माझ्याही हातात होती.

दगड एकच होता. त्यावर दोन नावं होती.

वरचं माझ्या मुलीचं. वय नऊ. त्याच्याखाली आणखी एक. वय सहा. आडनाव आमचंच. जन्माच्या तारखा वेगळ्या, मृत्यूची एक.

नवरा गुडघ्यांवर बसला आणि रडू लागला. त्याने खालच्या नावावर तळहात ठेवला होता. वरच्या नावाकडे त्याची नजर एकदा गेली, अनोळखी घराच्या पाटीवरून जावी तशी, आणि खाली आली.

मी माझी फुलं वरच्या नावापाशी ठेवली. मग त्याने हात काढला तेव्हा खालचं नाव वाचलं. मनात एकदा, नंतर मोठ्याने.

छान नाव होतं.