रिव्हर्स: नाही

ही घटना खरी आहे. ज्याच्या बाबतीत ती घडली तो माणूस आजही कॅलिफोर्नियात, ऑइलडेलला राहतो. त्याच्या पिकअपच्या मागे कुणी उभं राहिलेलं त्याला खपत नाही. एवढं सांगितलं की तो विषय बदलतो.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

अठरा जुलै. दुपारचे दोन. पारा एकशे आठ फॅरनहाइटवर. सावल्या पायाखाली गोळा झालेल्या.

वर्लिन स्ट्राउड चाळीस वर्षं हॉट रॉड दुरुस्त करत आलाय. आजोबांच्या काळातल्या गाड्या, छप्पर कापून बुटकं केलेलं, पोटात दांडगं इंजिन. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं दुखणं तो नुसतं ऐकून ओळखतो, असं लोक म्हणतात. तोही म्हणतो.

त्या दुपारी टॅमरा आली. त्याच्या जुन्या दोस्ताची, लॉईड पॅगेटची मुलगी. बापाची काळी, दोन दारांची कूप चालवत आली आणि मातीच्या अंगणात, नाक भिंतीकडे करून थांबली.

"पोरी, तिथे कशाला लावलीस? आता बाहेर कशी काढशील?"

"तेच बघायला आलेय, काका. तिला रिव्हर्स नाही."

लॉईड एप्रिलमध्ये गेला होता. याच गाडीच्या मागे, चिरडून.

जत्रेच्या मैदानावर गाड्यांचं प्रदर्शन होतं. इंजिन सुरू होतं, लॉईड मागे उभा राहून डिकीत बर्फाचा डबा ठेवत होता. टॅमराने गिअर पार्कमध्ये, म्हणजे गाडी जागीच रोखणाऱ्या खाचेत टाकला आणि फाटक उघडायला उतरली. गाडी आपोआप मागे गेली. मागे भिंत होती.

पार्कमध्येच टाकला होता, ती सांगत राहिली. भावाने ऐकून घेतलं आणि तेव्हापासून तिच्याशी बोलणं टाकलं.

"दुरुस्त नाही केलीस तरी चालेल," ती म्हणाली. "फक्त मला सांग. मी टाकला होता की नव्हता?"

वर्लिनने कागद घेतला. तो नेहमी कागदावर लिहूनच तपासतो.

*तेल: पातळी ठीक. रंग लाल. जळका वास नाही.*
*पुढचे तिन्ही गिअर: लोण्यासारखे.*
*रिव्हर्स: नाही.*

मग तो थबकला.

त्याने दांडा रिव्हर्सला ओढला तेव्हा इंजिनाचा सूर खाली आला होता. गिअर लागलाच नसता तर सूर बदलला नसता. म्हणजे गिअर लागत होता. ताकद चाकापर्यंत जात होती.

गाडी मात्र जागची हलत नव्हती.

ब्रेक अडकले असतील. त्याने मागची बाजू जॅकवर उचलली. रिव्हर्स. चाकं सुसाट उलटी फिरली.

खाली उतरवली. रिव्हर्स.

काही नाही. सूर खाली. गाडी किंचित थरथरली… जशी कुणी धरून ठेवलेली गाडी थरथरते.

न्यूट्रलला टाकून त्याने पुढून एका हाताने ढकलली. आरामात मागे सरकली. पुन्हा पुढे घेतली. पुन्हा रिव्हर्स.

काही नाही.

*रिव्हर्स: आहे. पण*

एवढं लिहून तो गाडीच्या मागे गेला.

मातीत दोन चर होते… ताजे. बुटांच्या टाचा रोवून जोर लावला की पडतात तसे. डावा उथळ. उजवा खोल, बाहेरच्या अंगाला कललेला.

तेलविहिरीवर लॉईडचा पाय मोडला होता. उजवी टाच तो आयुष्यभर बाहेरच्या बाजूनेच झिजवत आला होता.

"काय आहे तिथे?" टॅमराने विचारलं.

"उंदीर," वर्लिन म्हणाला आणि पायाने माती सारखी केली.

मग तो गाडीखाली शिरला. आत इंजिनाची धग होती. गिअरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत एक लोखंडी सळई जाते. तिच्या टोकाला नट असतो. नट ढिला, तर सळई सरकते. वर दांडा पार्क दाखवतो आणि खाली गिअरबॉक्स पार्क आणि रिव्हर्सच्या मधे लोंबकळत राहतो. जरा धक्का बसला, की रिव्हर्स.

त्याने नटाला बोट लावलं.

बोटानेच फिरला.

ही सळई मार्चमध्ये बसवली होती. एका शुक्रवारी. नट हाताने आवळला, तेवढ्यात फोन वाजला. पान्याने नंतर आवळू, असं ठरलं होतं.

बसवणारा वर्लिन होता.

त्याने मान वळवली. गाडीखालून टॅमराचे फक्त कॅनव्हासचे बूट दिसत होते. त्यांच्या शेजारी… अजून एक जोडी. धुळीने माखलेली. उजवी टाच झिजलेली.

त्याने डोळे मिटले. उघडले तेव्हा कॅनव्हासचेच होते.

त्याने पान्याने नट आवळला, बाहेर आला, हात पुसले.

"तू पार्कमध्येच टाकला होतास. सळईचा नट ढिला होता. तुझी चूक नाही, पोरी. काडीचीही नाही."

ती खालीच बसली, मातीत. मग तिने विचारलं, "ती सळई कोणी बसवली होती?"

वर्लिन पाना पुसू लागला.

"तुझ्या बापानेच," वर्लिन म्हणाला. "कुणाचं ऐकायचा का तो?"

टॅमरा हसली. एप्रिलनंतर पहिल्यांदाच हसत असावी. "पाना सापडला नाही की हातानेच आवळायचा," ती म्हणाली, आणि मग रडली. भावाला दाखवायचं म्हणून तिने तो कागद मागून घेतला. वर्लिनने त्यावर कारण लिहिलं. बसवणारा म्हणून लॉईडचं नाव लिहिलं. सही केली.

ती गाडीत बसली. रिव्हर्स.

गाडी अलगद मागे आली… कुणी हात काढून बाजूला व्हावं तशी.

ती गेल्यावर वर्लिन अंगणात उभा होता. पुन्हा चर पडले होते. मात्र या वेळी ते तिथेच संपत नव्हते. त्यांच्यापुढे पावलं उमटली होती. एक सरळ, एक कललेलं.

पावलं गॅरेजकडे आली होती. परत गेलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्लिन आपल्या पिकअपमध्ये बसला. तिचा गिअरबॉक्स त्याने स्वतः बांधलाय, घोड्यासारखा पळतो.

रिव्हर्स.

इंजिनाचा सूर खाली आला.

गाडी हलली नाही.

त्याने आरशात बघितलं नाही. न्यूट्रलला टाकली, खाली उतरला आणि पुढून ढकलत बाहेर काढली. मागे कोण आहे ते बघायचं नाही, हे त्याने तेव्हाच ठरवलं.

याला दोन वर्षं झाली. वर्लिन आता पिकअप अशीच लावतो की मागे घ्यावी लागणार नाही. त्यासाठी चार चार गल्ल्या फिरतो.

डॅशबोर्डवर एक पाकीट आहे. त्यावर टॅमराचा पत्ता, तिकीट लावलेलं. आत तसाच एक कागद, बसवणाऱ्याचं नाव बदललेला. पत्ता उन्हाने फिकट होतो, तेव्हा तो पुन्हा गिरवतो.

पोस्टाची पेटी त्याच्या रोजच्या वाटेवर आहे. तिच्याजवळ आला की तो वेग कमी करतो, आणि इंजिनाचा सूर जरा खाली येतो…

गिअर पुढचाच असतो, तरीही.