वेस्ला म्हणून हाक आली तेव्हा

कॉफी घ्या, गरम आहे. दिवा मालवायला बटण कसलं शोधताय? जुलैत आमच्याकडे, या उत्तर टोकाला, सूर्य बुडत नाही. भुताची गोष्ट ऐकायला अंधारच हवा असेल तर नोव्हेंबरात या. माझी गोष्ट तशीही भर दुपारची आहे, जेवणं उरकल्यानंतरची.

ही बोट माझ्या नवऱ्याची, हालवारची, मासेमारीची. एके दिवशी तो छोटी होडी घेऊन जाळी बघायला गेला. अर्धी होडी मिळाली, तो मिळाला नाही. मग मी या बोटीत बाकं बसवली आणि दक्षिणेकडच्या लोकांना किनाऱ्याकिनाऱ्याने फिरवायला लागले. सावकाश. पक्षी दाखवायचे, सील दाखवायचे, आणि एका जागी इंजीन बंद करून पाण्यात माइक सोडायचा. डेकवरच्या स्पीकरमधून समुद्राच्या पोटातले आवाज येतात. लोक अगदी देवळात बसल्यासारखे गप्प होतात.

ती जागा पक्ष्यांच्या कड्याखालची. हालवार गेला ती. गावातले म्हणाले, "रांदी, तिथे थांबू नकोस, त्याला माती मिळालेली नाही." मी म्हटलं, समुद्र काय त्याच्या बापाचा आहे?

ज्याला माती मिळत नाही तो ड्राउग होतो, अर्ध्या होडीतून वल्हवत राहतो आणि आपल्या माणसाला हाक मारतो, असं आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. तो तीनदा हाक मारतो. जो ओ देईल तो वर्षाच्या आत पाण्यात जातो. कुणीच दिली नाही, तर तो त्या माणसाची पाठ सोडत नाही.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. ऊन लख्ख, पाणी थाळीसारखं सपाट. मी वॉफलचं पीठ ढवळत होते. माझी मुलगी सिन्नोवे ट्रे घेऊन फिरत होती. स्पीकरमधून नुसती बारीक टिकटिक, खेकडेबिकडे असतील. मग दुसराच आवाज आला. कर्र... छप. कर्र... छप. लाकडावर लाकूड घासल्याचा. माशांच्या कुजक्या खाऱ्या पाण्याचा वास आला, बोट मासेमारीची होती तेव्हा यायचा तसा. एवढे कड्यावरचे पक्षी, एकाएकी सगळे गप्प.

"कुणीतरी वल्हवतंय वाटतं," दक्षिणेतल्या बेर्गन शहराच्या एक निवृत्त शिक्षिका कुजबुजल्या. "किती छान..."

मी चारी बाजूंना पाहिलं. पाण्यावर एकही होडी नव्हती.

"वेस्ला..."

माझ्या हातातला डाव पडला. वेस्ला म्हणजे छकुली. सिन्नोवेला तसं फक्त तिचा बाप म्हणायचा. मी कधीच म्हटलेलं नाही, मला असले लाड जमत नाहीत.

सिन्नोवे पांढरी पडली. तिचं तोंड उघडलं तशी मी पिठाच्या हातानेच ते दाबून धरलं.

"वेस्ला..."

ती माझ्या बोटांतून म्हणाली, "आई... बाबा आहेत गं. एकदाच बोलू दे."

"बाबा नाहीत. गप्प राहा."

ती माझ्या हाताला कडकडून चावली आणि सुटली. ती कठड्याकडे धावली, मी तिच्या आधी पोचले. खरं सांगते, मला भीती वाटली नाही. संताप आला. तिसरी हाक सुरू होते न होते तोच मी कठड्यावरून वाकले आणि गळा फाडून ओ दिली.

"ओ! मी आहे, रांदी. बायकोला विसरलास? लेकीला हाक मारताना लाज नाही वाटली? न्यायचं तर मला ने. आणि नेऊन दाखवच."

पाण्यावर घोड्याचं नाव काढायचं नाही आणि पाद्र्याचं तर मुळीच नाही, असं आम्ही मानतो. मी दोन्ही काढली, एकाच शिवीत.

वल्ही थांबली. प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. शिक्षिकाबाईंनी विचारलं, "रोज याच वेळेला असतं का हो हे?"

मी माइक वायरीला धरून वर ओढला, डेकवर टाकला आणि इंजीन सुरू करायला आत गेले. पाठीमागे पक्षी पुन्हा कलकलायला लागले. जिंकले, असं वाटलं मला. खूप हलकं वाटलं.

तेवढ्यात स्पीकर बोलला. माइक बाहेर पडलेला, अजून निथळत होता, आणि स्पीकरमधून हाक आली, "वेस्ला."

या वेळी आवाज त्याचा नव्हता. माझा होता. हाताला चावल्यावर निघेल तसा, करवादलेला.

आणि सिन्नोवे सांडलेले कप गोळा करता करता, मान वर न करताच म्हणाली, "काय गं, आई?"

मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी काचेच्या आत उभी होते. माझे ओठ मिटलेले होते.

त्या रात्री मी तिला म्हटलं, आता तू घरी बसायचं, पाण्याचं तोंड बघायचं नाही. तिने विचारलं, "तू बसतेस का?" मी म्हटलं, मी का बसू? "मग मीही नाही," म्हणाली. माझीच पोर ती. तेव्हापासून मी हाक मारली तर ती ओ देत नाही. समोर येते, माझ्या ओठांकडे बघते, मगच बोलते. तीच वर सुकाणूवर आहे, मघाशी तुम्हाला हसून बोलली ना, तीच. वर्ष पुरं व्हायला थोडे दिवस उरलेत. उद्याही आम्ही कड्याखाली थांबणार आहोत. आमचं समुद्रावाचून चालत नाही आणि कुणाला घाबरून रस्ता बदलायचा नाही, असं आम्ही दोघींनी ठरवलंय.

तुम्हीही ऐकाल उद्या. या उन्हाळ्यात वल्ह्यांच्या दोन जोड्या ऐकू येतात. एक जोडी हालवारची, ती मी झोपेतही ओळखेन. दुसरीत डावं वल्हं दर वेळी जरा उशिरा पडतं. लहानपणी सिन्नोवेचा डावा खांदा निखळला होता. ती तशीच वल्हवते.